मोजायचं कोणाला

मुलांच्या मनाची अवस्था नऊ प्रश्नांच्या कागदावर मोजता येते असं कोणी म्हटलं, की मला राग यायचा. मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते. आकड्यांशी माझं वैर नाही, पण पोराच्या जिवाला आकडा लावायचा हे काही मला पटत नव्हतं. वर्गात पाऊल टाकलं की कोणाचं घरी बिनसलंय, कोणाच्या बापाची होडी रिकामी परतलीये, कोण रात्री न जेवता झोपलंय, हे चेहऱ्यावरून कळतं अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या शाळा लहान. आज समोर बसलेल्या कितीतरी मुलांच्या आयांनाही मीच समीकरणं शिकवली आहेत. त्यांची घरं, वाड्या, देणी-घेणी सगळी ठाऊक. मग अमेरिकेत तयार झालेला तक्ता मला माझ्या मुलांबद्दल नवीन काय सांगणार?

ती समजूत आता राहिली नाही. तिच्या जागी जे आलंय ते सुटसुटीत नाही. मोजायला हवं, असं मी आज म्हणते. पण सुरुवात मुलापासून करू नये, शाळेपासून करावी, असंही म्हणते. इथवर कशी आले ते लिहायला घेतलं, कारण असे कागद आज ना उद्या तालुक्यातल्या शाळाशाळांत येणार आहेत आणि ते भरून घेण्याचं काम आम्हा शिक्षकांवरच पडणार आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मानसशास्त्रात एम. ए. करत होती. तिला शाळकरी मुलांवर प्रकल्प करायचा होता. गणपतीत गावी आली तेव्हा नमुन्याचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. नैराश्याची लक्षणं विचारणारा हा कागद, पीएचक्यू-९ हे त्याचं नाव. कर्ट क्रोंके, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी तो २००१ साली प्रसिद्ध केला आणि अशा कागदांत आज जगभर सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्यांपैकी तो एक आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल तो विचारतो. कशात रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का, झोप कशी होती, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा उगाच तगमग होणं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले तर जाणकाराकडून नीट तपासणी करून घ्यावी, असा सर्वसाधारण संकेत. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा.

मी नवव्या प्रश्नापाशी थांबले आणि कागद तिला परत दिला. म्हटलं, जे मुलांच्या मनात नाही ते आपण कशाला घालायचं? आणि पहिल्या आठ प्रश्नांची उत्तरं मला न विचारता ठाऊक आहेत.

ती गप्प राहिली. मग मालवणीत म्हणाली, "बाई, दहावीत आसताना माझा काय चालला हुता, ता तुमका कळला हुता?"

मला कळलं नव्हतं. गणितात वर्गात पहिली येणारी, दुसऱ्या बाकावर बसणारी, गृहपाठ कधी न चुकवणारी मुलगी. त्या वर्षी ती रात्ररात्र जागी असायची आणि जगावंसं वाटत नव्हतं, हे मला इतक्या वर्षांनी त्या दिवशी समजलं. तिच्या प्रगतिपुस्तकात मी "हसतमुख, मनमिळाऊ" असा शेरा लिहिला होता, हेही तिनंच सांगितलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पुढे फक्त एवढंच म्हणाली, "कोणी इचारल्यान आसता, तर मी सांगितलंय आसता."

या एका वाक्यानं मी हलले हे खरं, पण त्यानं माझं मत बदललं असं म्हणणार नाही. एका मुलीच्या अनुभवावरून शाळाभर कागद वाटावेत असा निष्कर्ष निघत नाही. गणिताच्या माणसाला तरी तो काढता येऊ नये. म्हणून मी वाचायला बसले, आणि वाचताना माझं मत एकदा इकडे, एकदा तिकडे असं बरंच झुललं.

पहिल्यांदा सापडलं ते माझ्या जुन्या मताच्याच बाजूचं. फळ्यावर मांडावं असं सोपं गणित आहे. मूळ अभ्यासात दहा गुणांची रेघ धरली तेव्हा खरोखर नैराश्य असलेल्या शंभरांपैकी ८८ जण या कागदानं पकडले आणि नैराश्य नसलेल्या शंभरांपैकी ८८ जणांना बरोबर सोडून दिलं. ऐकायला उत्तम. आता समजा, हजार मुलं आहेत आणि त्यांतल्या शंभरांना खरंच नैराश्य आहे. कागद त्यांतले ८८ शोधील, १२ निसटतील. उरलेल्या नऊशेंपैकी १०८ जणांवर मात्र उगाचच खूण होईल. म्हणजे खूण झालेल्या १९६ मुलांपैकी निम्म्याहून जास्त चुकीनं त्या यादीत आलेली. हजारांत खरे रुग्ण वीसच असले तर चित्र आणखी बिघडतं. खूण साधारण १३६ जणांवर होईल आणि त्यांतले जेमतेम १८ खरे निघतील. यात कागदाचा दोष नाही. तो चाळणी म्हणून केलेला आहे, निदान म्हणून नाही. दोष आहे तो ती यादी हातात धरून "आमच्या शाळेत इतके टक्के डिप्रेशन" अशी बातमी देणाऱ्यांचा. मालवणसारख्या गावात अशा यादीतलं नाव बाहेर फुटलं तर काय होईल, ते सांगायला नको. मनाच्या आजाराचा विषय निघाला की अजूनही आमच्याकडे लोकांना रत्नागिरीचं मनोरुग्णालयच आठवतं, आणि मुलीचं नाव त्या वाटेनं एकदा गेलं की आईच्या जिवाला तेवढा घोर पुरतो.

दुसरी गोष्ट आमच्या किनाऱ्याची. तो कागद हातात घेऊन मी देवबाग, तारकर्लीकडच्या मुलांचा विचार करू लागले. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात घरोघरी पर्यटक उतरलेले असतात. रात्री अकरा-बारापर्यंत जेवणाची ताटं उचलायची, पहाटे पुन्हा चहा-नाश्त्याला उठायचं. मच्छीमारांच्या घरची मुलं पहाटेच मासळी निवडायला बसतात. अशा मुलानं झोपेला तीन, थकव्याला तीन, भुकेला दोन आणि लक्ष न लागण्याला दोन असे प्रामाणिकपणे गुण भरले तर बेरीज दहा. उदासी नाही, रस उडालेला नाही, तरी मूल रेघेवर पोचलं. कागद करणाऱ्यांना याची जाण होती. त्यांच्या नियमात पहिल्या दोन प्रश्नांपैकी, म्हणजे रस उडणं किंवा उदास वाटणं यांपैकी, निदान एक तरी ठळकपणे असल्याशिवाय नैराश्याचा संशय धरायचा नाही. पण शाळाशाळांतून घाईनं होणाऱ्या पाहण्यांत नुसती बेरीज होते. मग "कमी झोप आणि नैराश्य यांचा घट्ट संबंध आढळला" असं ठोकून दिलं जातं. झोपेचे गुण त्या बेरजेत आधीच मिळवलेले असताना दुसरं काय आढळणार?

आणि मोजणी कुठल्या महिन्यात करायची? प्रश्न गेल्या दोन आठवड्यांचा आहे. चतुर्थीनंतर लगेच विचारलं, घर मुंबईकर चाकरमान्यांनी भरलेलं असताना, तर एक उत्तर. फेब्रुवारीत, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर, दुसरं. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि घरात पैसा नसतो, तेव्हा तिसरं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. करोनाची दुसरी लाट चालू, गावं अंधारात, छपरं उडालेली, होड्या फुटलेल्या. त्या पंधरवड्यात विचारलं असतं तर काय निघालं असतं!

आकड्यांमधली तफावत म्हणूनच मला फसवणूक वाटेनाशी झाली. शेजारच्या गोव्यात १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलांचा अभ्यास झाला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तिथे सविस्तर मुलाखतीवरून निदान केलं होतं. कुठलाही मानसिक विकार असलेली मुलं निघाली १.८१ टक्के. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयोगटासाठी आकडा आला ७.३ टक्के. नुसते प्रश्नांचे कागद भरून घेणाऱ्या पाहण्या तर याच्या कितीतरी पट आकडे देतात. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, जसा, तशी मासळी वर येते. एक आकडा खरा आणि दुसरा खोटा असं नाही. कुठलं जाळं टाकलं होतं हे विचारल्याशिवाय मासळीवर बोलू नये, इतकंच. आणि जाता जाता, त्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संख्येत मात्र आपलं राज्य देशात पहिलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या नोंदीत देशभरच्या १३,०४४ विद्यार्थ्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले आहेत. यावर मी जास्त लिहू शकत नाही. एवढी मुलं.

गोव्याच्या त्या अभ्यासात टक्क्यांहून मोलाचं काही होतं. मुलांच्या त्रासाशी कशाकशाचा संबंध दिसला, ते त्यात होतं. अभ्यासात अडचण येणं, मारहाण किंवा अपमानाचं बोलणं सोसणं, राहत्या भागात असुरक्षित वाटणं. आणि ज्या मुलांना अडीअडचणीला आपल्या घरचं माणूस पहिल्यांदा आठवत होतं, त्यांना धोका कमी. ही यादी वाचताना पहिल्यांदा वाटलं की मोजणाऱ्यांना मुलाच्या कपाळावर आकडा चिकटवायचा नसतो. मुलाच्या भोवती काय आहे ते त्यांना शोधायचं असतं. माझा राग तिथे थोडा उतरला.

मग आमच्या भोवती काय आहे? एनसीईआरटीनं २०२२ च्या जानेवारी ते मार्चमध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ मुलांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणं सांगितली. आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होणाऱ्या आमच्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल पाहा. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२ टक्के. राज्यात पहिले आम्हीच, आणि याचा आम्हाला अभिमान आहे. पण जिथे जवळजवळ सगळेच पास होतात तिथे पास-नापास या रकान्यावरून मुलांच्या मनाबद्दल काहीच उलगडत नाही. सगळ्यांच्या पुढे एकच उत्तर असेल तर त्या प्रश्नाला गणितात किंमत नाही. शंभरांत एक नापास होतो, त्याच्यावर मात्र सगळ्या गावाची नजर असते. तो कुठल्या पाहणीत सापडत नाही, कारण बहुतेक वेळा तो शाळेतच येईनासा झालेला असतो.

आमचा खरा ताण छापील कागदावर नसतोच. तो निकालानंतर सुरू होतो. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, २०११ साली ८,४९,६५१ झाली. साऱ्या देशाची वाढत असताना आमची घटली. मुलं जातात. कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोवा. चांगले गुण पडणं म्हणजे घर सोडणं, हे इथलं मूल आठवी-नववीतच ओळखून असतं. थोरल्या मुलानं होडीवर जायचं की कॉलेजात, हा निर्णय पंधराव्या वर्षी घ्यावा लागतो आणि होडीवर कर्ज असेल तर निर्णय आधीच झालेला असतो. पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीनं किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्यांच्या पदरी काय उरलं, याचा वाद आपण वर्षानुवर्षं ऐकतो. त्या वादाच्या रात्री घरात झोपलेलं मूलही तो ऐकत असतं. बाप मुंबईत किंवा आखातात, घरी आई आणि आजी, हे तर आमचं जुनंच. मोजायचं तर हे मोजा. "घर सोडावं लागेल याची भीती वाटते का?" असा प्रश्न मी कुठल्याही छापील कागदावर पाहिला नाही.

इथवर माझं मत असं झालं होतं की मोजणीत अर्थ आहे, फक्त ती आपल्या मातीतली हवी, आणि ती करायला शिक्षकाएवढं लायक कोणी नाही. हे शेवटचं मात्र टिकलं नाही.

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत एक मोठा प्रयोग झाला. तो केला गोव्याच्या संगाथ संस्थेनं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली उभी केलेली ही संस्था. प्रयोगाचं नाव सेहर. काही शाळांत गावातलाच, मानसशास्त्राची पदवी नसलेला पण नीट शिकवून तयार केलेला एक माणूस पूर्णवेळ नेमला. त्याला सेहर मित्र म्हणत. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे सोपवलं. उरलेल्या शाळांत नेहमीचं चालू. काम साधंच होतं. परिपाठात मोकळं बोलणं, भित्तिपत्रक, मुलांचे गट, मनातलं लिहून टाकायची पेटी आणि ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बसून बोलणं. २०१८ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. सेहर मित्र होता त्या शाळांचं वातावरण सुधारलं, मारामारी-दमदाटी कमी झाली, आणि पीएचक्यू-९ वर मुलांचे नैराश्याचे गुणही खाली आले. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत नेहमीच्या शाळांहून वेगळं काही घडलं नाही.

हे वाचून मी अनेक दिवस अस्वस्थ होते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासांत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सहज गिळता येत नाही. आधी मी बिहारला दोष दिला, मग शिक्षकांवरच्या कामांना. निवडणुकीची कामं, याद्या, ऑनलाइन माहिती भरणं. त्यात तथ्य आहेच. पण मूळ कारण माझ्या मते वेगळं आहे. गुण देणारा, घरी निरोप धाडणारा, वर्गाबाहेर उभं करणारा माणूस आणि मनातलं सांगावं असा माणूस, या दोन्ही जागा एकच जण भरू शकतो असं आपण गृहीत धरतो. मूल तसं धरत नाही. माझ्या विद्यार्थिनीनं मला सांगितलं नाही, कारण मी तिच्या गणिताच्या बाई होते. तिला माझ्या डोळ्यांतली तिची जागा जपायची होती. मी कितीही प्रेमळ असते तरी ते अडलंच असतं.

त्यानंतर आम्ही शाळेत एक साधी गोष्ट केली. नाव न लिहिता, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून जमेल तिथे नुसत्या खुणा करायच्या, असा कागद वाटला. त्यात मुलाच्या मनाबद्दल एकही प्रश्न नव्हता. रात्री किती वाजता झोपतोस, किती वाजता उठतोस, शाळेत यायला किती वेळ लागतो, शाळेतल्या कुठल्या जागेची भीती वाटते, गेल्या महिन्यात कोणी मारलं किंवा सगळ्यांसमोर बोललं का, काळजी वाटली तर पहिल्यांदा कोणाला सांगशील. वाटताना एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, ह्या कोणाक दाखवतलास?" मी म्हटलं, पहिल्यांदा आम्हा शिक्षकांनाच. तो हसला आणि लिहायला बसला.

आकडे इथे देत नाही. लहान शाळेतल्या थोड्या मुलांचे आकडे छापले की कोण कुठलं ते ओळखू येतं. पण जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे. भीतीच्या जागांमध्ये मुलींनी स्वच्छतागृहाकडची वाट पुन्हा पुन्हा लिहिली होती. तिथे दुपारी कोण उभं असतं ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. एसटी चुकली तर संध्याकाळी स्टँडवर दीड तास बसावं लागतं, तेही बऱ्याच जणींनी लिहिलं. वर्गात गुण मोठ्यानं, वरून खाली वाचून दाखवणं ही आमची जुनी पद्धत. मुलांचा हुरूप वाढतो म्हणून आम्ही सगळेच ते करत होतो. कागदांवर ते "सगळ्यांसमोर बोललं" या रकान्यात उतरलं होतं. आणि शेवटच्या प्रश्नाला, काळजी कोणाला सांगशील याला, आई, मैत्रीण, आजी, मुंबईची मावशी अशी उत्तरं होती. शिक्षक क्वचित. "कोणालाच नाही" ही खूण शिक्षकापेक्षा जास्त वेळा होती.

गुण वाचणं दुसऱ्या दिवसापासून बंद झालं. वाटेवर दुपारी आळीपाळीनं एक बाई उभी राहू लागली. यासाठी कुठल्याही मुलाच्या नावापुढे आकडा लावावा लागला नाही, कोणाला रेघेच्या वर-खाली करावं लागलं नाही. त्या दिवसांत माझ्या मनात पक्कं झालं की मोजणीचा पहिला मान शाळेचा.

तरी "कोणालाच नाही" लिहिणारी मुलं राहतात. कागदाला नाव नाही, म्हणजे ती कोण ते मला कळणार नाही. नाव लिहायला लावलं तर ती तसं लिहिणार नाहीत. या पेचातून सुटका नाही, आणि इथेच तो नववा प्रश्न पुन्हा समोर येतो. विचारल्यानं मुलांच्या डोक्यात तसले विचार शिरतात ही माझी भीती अनेक पालकांचीही आहे, म्हणून तिचं काय झालं ते सांगायला हवं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमध्ये २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहिलं गेलं, २००५ साली ते प्रसिद्ध झालं. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारलं, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्यांमध्ये तसे विचार वाढले नव्हते, अस्वस्थताही वाढली नव्हती. जी मुलं आधीच नैराश्यात होती त्यांना विचारल्यानं उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. माझी विद्यार्थिनी हेच एका वाक्यात सांगून गेली होती. आता नववा प्रश्न गाळा असं मी कोणाला सांगत नाही.

पण विचारायचं तर उत्तर त्याच दिवशी वाचणारं, त्या मुलाजवळ बसणारं आणि पुढे कुठे न्यायचं ते ठाऊक असलेलं माणूस हवं. कपाटात आठवडाभर पडून राहिलेल्या गठ्ठ्यात एखाद्या मुलानं नवव्या प्रश्नापुढे तीन लिहिलेलं असेल, तर ती मोजणी न केलेली बरी. मूल एकदा सांगतं. सांगून काही झालं नाही तर दुसऱ्यांदा सांगत नाही. केंद्र सरकारची १४४१६ ही टेली-मानस दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. मी तो नंबर प्रत्येक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यावर लिहून ठेवला आहे. पण ज्या घरात फोन एकच आणि तो बापाच्या खिशात, तिथलं मूल बोलणार कुठून? तज्ज्ञांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जावं लागतं, म्हणजे आईचा रोज बुडतो आणि शेजारी विचारतात की कुठे गेला होतात.

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ ला सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. निकाल मोलाचा आहे. पण आमच्याकडे कितीतरी शाळांचा पट शंभरापर्यंत पोचत नाही. "रीतसर जोडून घेणं" म्हणजे नोटीस बोर्डावर डॉक्टरचं नाव आणि नंबर, एवढंच होण्याची मला भीती वाटते. लहान शाळांतल्या मुलांचं एकटेपण लहान नसतं. वर्गात दहा मुलं असतील आणि त्यांतल्या नऊ जणांशी पटत नसेल, तर जायचं कुठे?

म्हणून माझं मागणं असं. एका एसटीच्या वाटेवरच्या चार-पाच शाळांनी मिळून एक माणूस नेमावा. कट्टा, चौके, काळसे ही एक वाट, आचरा-मसुरे ही दुसरी. तो शिक्षक नसावा, गुण देणारा नसावा, मालवणी समजणारा असावा, आणि प्रत्येक शाळेत त्याचा वार ठरलेला असावा. नालंदातल्या सेहर मित्रांना मानसशास्त्राच्या पदव्या नव्हत्या, तयारी होती. तशी तयारी करून देणारी माणसं शेजारी गोव्यात आहेत. पगाराचा प्रश्न संस्था, ग्रामपंचायती आणि मुंबईची गावमंडळं मिळून सोडवू शकतात. देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण वर्गणी काढतोच. समुपदेशकासाठी काढायला लाज वाटण्याचं कारण नाही.

येत्या जूनमध्ये संस्थेच्या सभेत मी हेच मांडणार आहे. शाळेचा कागद, नाव नसलेला, वर्षातून तीनदा भरला जाईल. चतुर्थीनंतर, फेब्रुवारीत आणि शाळा उघडल्यावर. निकाल आधी शिक्षकांपुढे आणि मग पालकांच्या सभेत वाचला जाईल. पीएचक्यू-९ चा गठ्ठाही माझ्या विद्यार्थिनीनं आणून दिला आहे, आणि यंदा तिच्या प्रकल्पाला मी होकार दिला आहे. मात्र ज्याचा वार ठरलाय असा माणूस आमच्या शाळेत येऊन बसेपर्यंत तो गठ्ठा मी वर्गात वाटणार नाही, हे मी तिला सांगितलंय, आणि तिला ते मान्य आहे.